लहान मुलांसोबत उष्णकटिबंधातला समुद्रकिनारा: किनारा कसा निवडावा, दिवस कसा बसवावा?

पाटीपेन्सिल
मुलं दोन. धाकटं दीड वर्षाचं, मोठं पाच वर्षांचं. सात रात्री, बारमाही कोमट पाण्याचा किनारा, देश अजून ठरलेला नाही. 'मुलांसाठी उत्तम' हे प्रत्येक हॉटेल स्वतःबद्दल लिहितं, त्यामुळे त्या वाक्याचा उपयोग शून्य. किनारा मुलांना झेपेल का हे घरबसल्या कसं ओळखायचं? दिवस कसा बसवायचा? काय न्यायलाच हवं? अनुभवकथन नको, आकडे आणि कारणं द्या.

खारावारा
देश नंतर. आधी महिना पक्का करा, मग त्या महिन्यात कुठल्या बाजूचा समुद्र शांत असतो ते बघा. एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांचे हंगाम चक्क उलटे असतात. श्रीलंकेचा नैर्ऋत्य किनारा डिसेंबर ते मार्च शांत, पूर्व किनारा साधारण मे ते सप्टेंबर. थायलंडची अंदमान समुद्राकडची बाजू नोव्हेंबर ते एप्रिल चांगली, पण आखातातल्या सामुई बेटावर ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचा जोर. मलेशियाच्या पूर्वेकडची छोटी बेटं ईशान्य मोसमी वाऱ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जवळपास बंदच असतात. बाली एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं.

चक्रीवादळांचा काळही बघून घ्या. अटलांटिक आणि कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर, दक्षिण गोलार्धात नोव्हेंबर ते एप्रिल, उत्तर हिंदी महासागरात पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना सुमारे ५ अंशांपर्यंत वादळं सहसा तयार होत नाहीत, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला जो पीळ पडतो तो तिथे फार क्षीण असतो.

एक सांगतो, नुसत्या पावसाला घाबरू नका. दुपारी तासभर कोसळून मोकळं होणारा पाऊस मुलांच्या झोपेच्या वेळेतच जातो. सहल बिघडवतात त्या लांबून आलेल्या मोठ्या लाटा, गढूळ पाणी आणि रद्द झालेल्या बोटी. म्हणून हवामानाच्या तक्त्यात पावसाच्या मिलिमीटरआधी लाटांची सरासरी उंची शोधा. दीड वर्षाच्या मुलाला अर्धा मीटर म्हणजे पुष्कळ झाली.

ओहोटी
खारावारा यांना अनुमोदन. महिना ठरला की उपग्रहाचं चित्र उघडा आणि हॉटेलचे फोटो बंद करा. फोटो नेहमी भरतीच्या, उन्हाच्या, वारा पडलेल्या घटकेचा असतो.

वरून बघताना पहिली गोष्ट, किनाऱ्यापासून आत पाण्यात पांढऱ्या फेसाची रेघ दिसते का? ती प्रवाळाची भिंत. लाटा तिथेच फुटतात आणि तिच्या अलीकडे फिक्या हिरव्या रंगाचं उथळ, निवांत पाणी राहतं. लहान मुलांसाठी हाच उत्तम प्रकार. पण त्या रेघेत खंड असेल, गडद निळी फट दिसत असेल, तर भिंतीवरून आत आलेलं सगळं पाणी त्याच फटीतून परत बाहेर जातं, आणि ओहोटी लागली की जोरात जातं. राहायची जागा निवडताना त्या फटीपासून जितकं लांब जाता येईल तितकं बरं.

दुसरं, जवळपास नदीचं किंवा ओढ्याचं मुख आहे का? मुखाशी तळ रोज बदलतो, पाणी गढूळ असल्यामुळे पायाखालचं दिसत नाही, पावसानंतर वरचा सगळा कचरा तिथेच येतो. काही देशांत मुखाशी मगरीही असतात.

तिसरी गोष्ट वाळू. जवळून काढलेला एखादा फोटो मिळाला तर दाणा बघा. बारीक, पिठासारखी वाळू असेल तर उतार सहसा सपाट असतो. भरड, साखरेच्या दाण्यापेक्षा मोठी वाळू म्हणजे किनारा तिरका. तिरक्या किनाऱ्यावर लाट आत न फुटता थेट काठावर आपटते. पाण्याच्या कडेला उभ्या मुलाला ती पाडते आणि परतताना पाय ओढून नेते. पाणी 'फक्त घोट्यापर्यंत' असतानाच हे घडतं. समुद्र शांत दिसतो, म्हणून फसगत होते.

पाटीपेन्सिल
हे कुणी सांगत नाही. आणि भरती-ओहोटी? सात दिवसांत त्याचा एवढा फरक पडतो?

ओहोटी
पडतो, आणि मुलांच्या झोपेच्या वेळा ठरलेल्या असल्यामुळे जास्तच पडतो. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढची भरती १२ तास २५ मिनिटांनी. म्हणजे रोज सुमारे ५० मिनिटांनी वेळ पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी ७ ला पूर्ण भरती असेल, तर सहाव्या दिवशी ती ११ च्या पुढे गेलेली असते. पहिल्या दिवशी सकाळी ७ ला जिथे मुलाच्या छातीएवढं पाणी होतं, तिथे सहाव्या दिवशी त्याच वेळी नुसतं ओलं मैदान असू शकतं.

शिवाय पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांतला एकूण चढ बारा भागांत मोजला तर पहिल्या तासात १ भाग, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २, सहाव्यात १. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. ओहोटीच्या डबक्यांत खेळणारी मुलं नेमकी या दोन तासांत मागच्या चरात पाणी भरल्यामुळे अडकतात. पाणी समोरून येताना सगळ्यांना दिसतं, पाठीमागच्या चराकडे कुणाचं लक्ष नसतं.

अमावास्या-पौर्णिमेला आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण, म्हणजे चढउतार सर्वांत मोठा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. जिथे पाणी तीन-चार मीटर चढतं-उतरतं अशा जागी जाणार असाल तर तारखा भांगाच्या धरा.

खारावारा
छोटी दुरुस्ती. सगळीकडे दिवसातून दोन भरत्या नसतात. मेक्सिकोच्या आखाताचा बराचसा भाग आणि थायलंडच्या आखाताचे काही भाग इथे दिवसाला एकच. कॅरिबियनमध्ये चढउतार बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आतच, तिथे हे गणित करत बसायची गरज नाही. म्हणून ज्या गावी जाणार त्याचाच भरतीचा तक्ता काढा, शेजारच्या बंदराचा नको.

वाऱ्याची बाजूही बघा. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे त्या पट्ट्यातल्या बेटांची पश्चिमेकडची बाजू सहसा आडोशाची. पण तिथे वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. पाणी आरशासारखं आणि हवेची रिंग मात्र दर मिनिटाला दूर. शांत पाण्याची बाजू आणि तरंगती खेळणी वाहून जाण्याची बाजू बऱ्याचदा एकच असते.

चिंचगोळी
हवेचे दंडावरचे फुगे चालतील ना पण? पाच वर्षांच्या मुलाला पोहता येत नसेल तर काहीतरी हवंच.

दर्याराणी
खेळणं म्हणून चालतील, सुरक्षेचं साधन म्हणून नाही. दंडावरचे फुगे ओल्या हातावरून सरकतात, झडप सुटली की एका मिनिटात रिकामे होतात. रिंग उलटली तर मूल डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत अडकतं. आणि मोठ्यांची नजर सैल होते, हे सर्वांत वाईट.

लाइफ जॅकेट हवं, तेही वजनावर निवडलेलं, वयावर नाही. युरोपीय मानकात ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगतं ठेवणाऱ्या बळाचं माप) साधन पोहता येणाऱ्यासाठी असतं. ते तोंड वर वळवण्याची हमी देत नाही. न पोहणाऱ्या लहान मुलाला किमान १०० च्या पातळीचं, मानेमागे उशी आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं घ्या. तपासायची रीत अशी: जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा, मग खांद्यांशी धरून सरळ वर ओढा. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर मोठं आहे. पायांमधला पट्टा नसेल तर पाण्यात हेच होणार, मूल खाली आणि जॅकेट वर. बोटीवर मुलांच्या मापाची असतीलच असं गृहीत धरू नका, आपली घेऊन जा. विमानात सामानाच्या बॅगेत सहज मावतात.

आता नजर. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या रेषेशी, डोकं मागे कललेलं, आणि शांत. त्यामुळे 'आवाज आला की बघू' ही योजनाच चुकीची. पाच वर्षांखालच्या मुलासोबत पाण्यात किंवा पाण्याच्या कडेला मोठं माणूस हाताच्या अंतरावर. दोन मुलं असतील तर प्रत्येकाचा माणूस नाव घेऊन ठरवा आणि बदलताना तोंडाने म्हणा, "आता धाकटा तुझ्याकडे." चार मोठी माणसं असलेल्या घोळक्यात प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. फोन पिशवीत.

पोहण्याच्या कपड्यांचा रंग भडक केशरी, भडक गुलाबी किंवा झगझगीत पिवळा. निळा, आकाशी, पांढरा पाण्यात अर्ध्या मीटरवरच दिसेनासा होतो.

दर्याराणी
आणखी एक, झेंडे. लाल-पिवळा झेंडा म्हणजे त्या दोन झेंड्यांमध्ये जीवरक्षक लक्ष ठेवून आहेत, तिथेच उतरा. लाल म्हणजे उतरू नका. दोन लाल म्हणजे पाणी सर्वांना बंद. जांभळा म्हणजे डंख करणारे जीव आलेत. थोडा फरक देशागणिक असतो, पाटी वाचा. झेंडेच नसतील तर जीवरक्षक नाहीत असं धरून चाला.

आत खेचणारा प्रवाह, रिप करंट, ओळखायला पाच मिनिटं उंचावरून पाणी बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्ये एक पट्टा गुळगुळीत, गडद, फेस समुद्राच्या दिशेला जाणारा. मुलांना घेऊन येणारे नेमके तिथेच पाय टाकतात, कारण लाटा नाहीत. सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर सरका, पट्ट्याबाहेर आल्यावर लाटांबरोबर या.

निघण्याआधी दोघांपैकी एकाने तरी सीपीआर शिकून घ्या, मुलांचा. बुडालेल्या मुलाला आधी श्वास द्यायचे असतात, मग छातीवर दाब. नुसते दाब पुरत नाहीत, कारण तिथे प्राणवायूच संपलेला असतो.

गोधडी
दिवस बसवण्याबद्दल. उष्णकटिबंधात सूर्य वर्षभर साधारण सहा ते साडेसहाच्या दरम्यान उगवतो आणि तेवढ्याच सुमारास मावळतो, घड्याळाचा फरक धरून थोडं मागेपुढे. संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. सूर्य टेकल्यावर आवरायला घेतलंत तर सँडलची दुसरी जोडी अंधारात शोधाल. अर्धा तास आधी निघा.

पाण्याच्या पाळ्या दोनच: उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत आणि चारनंतर. दहा ते चार उन्हाबाहेर. साधी खूण: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की आत. धाकट्याला एका वेळी पाण्यात वीस-तीस मिनिटं पुरे. पाणी २८ अंश असलं तरी शरीरापेक्षा नऊ अंशांनी थंडच. ओठ निळसर किंवा कुडकुडणं दिसलं की बाहेर, कोरडं करा, परत अर्ध्या तासाने.

सात रात्रींत जागा एकच. फार तर दोन. प्रत्येक मुक्काम बदलला की बांधाबांध, प्रवास, नवी खोली, बिघडलेली झोप, असे दीड दिवस जातात.

खोलीबाबत हॉटेलला लेखी विचारा. बाल्कनीच्या गजांमधलं अंतर किती (१० सेंटिमीटरच्या आत हवं)? दार उघडल्यावर थेट तलाव लागतो का? तलावाला आपोआप बंद होणारं फाटक आहे का? 'खोलीतून थेट पाण्यात' ही जाहिरात चालायला लागलेल्या मुलाच्या आईबापांसाठी धोक्याची पाटी समजा. पोचल्याबरोबर पहिलं काम, बाल्कनीतली खुर्ची-टेबलं आत घ्या. मूल गजांतून जात नाही, खुर्चीवर चढून वरून जातं. एसी २५-२६ वर. बाहेर ३२ आणि आत १९ केलंत तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी कुरकुरणारच.

उन्हाची_टोपी
सनस्क्रीन इथे सगळे कमी नेतात, म्हणून हिशोब मांडते. बाटलीवरचा एसपीएफ मोजताना त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलीग्रॅम लावलेलं असतं. निम्मं लावलं तर संरक्षण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. १४-१५ किलोच्या मुलाची त्वचा सुमारे ०.६ चौरस मीटर, म्हणजे ६,००० चौरस सेंटिमीटर. पूर्ण अंगाला एकदा लावायला १२ ग्रॅम. १८-१९ किलोच्या मुलाला १५ ग्रॅमच्या आसपास.

नुसत्या चड्डीवर ठेवलंत तर दोघांना मिळून एका वेळी २५ ग्रॅम तरी, दिवसाला चार वेळा, सहा दिवस: ६०० ग्रॅम! कुणीच इतकं लावत नाही. म्हणून उघडं अंगच कमी करा. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत येणारा, यूपीएफ ५० चा पोहण्याचा पोशाख आणि मानेवर पदर येणारी टोपी घातली की उरतात चेहरा, मान, हात, पिंढऱ्या, पावलं. दोघांना मिळून १० ग्रॅम. दिवसाला ३-४ वेळा धरून सहा दिवसांचे १८० ते २४० ग्रॅम. हे शक्य आहे. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत येतो. साधा सुती टीशर्ट ओला झाला की त्याचं संरक्षण घटतं, तो पर्याय नाही.

एसपीएफ ३० किंवा जास्त, ब्रॉड स्पेक्ट्रम. लहानांना झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं, त्वचेला कमी झोंबतं. बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं खोलीतच लावा, अंग कोरडं असताना. दर दोन तासांनी, आणि पाण्यातून आल्यावर टॉवेलने पुसलं की पुन्हा. राहून जाणाऱ्या जागा: कानाची पाळी, पावलाचा वरचा भाग, गुडघ्यामागची खोबण, केसांचा भांग. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन नाही, सावली आणि कपडे.

स्प्रे चेहऱ्यावर मारू नका, श्वासात जातो. हवाईत १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन विकायला बंदी आहे, पलाऊ या पॅसिफिकमधल्या बेटदेशाने त्याच्या वर्षभर आधी आणखी कडक नियम आणला. म्हणून घटकांची यादी घरीच वाचा.

छत्रीखाली बसलं म्हणजे झालं असंही नाही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते, समुद्राचा फेस २५ टक्के.

चिंचगोळी
बाबागाडीवर पातळ ओढणी टाकली तर?

उन्हाची_टोपी
नको! हवा अडते, आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा चढतं आणि मूल झोपलेलं असल्यामुळे कळत नाही. पुढून-मागून उघडी राहणारी छत्री लावा. आणि कोरडी वाळू दुपारी पाय भाजण्याइतकी तापते, चालत्या मुलाला पाण्यात चालणारे रबरी तळाचे बूट द्या.

शिंपलेवेचा
वाळूबद्दल तीन गोष्टी, कारण सगळं लक्ष पाण्याकडे जातं.

खड्डे. घरात सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्याएवढाच खोल. त्यापेक्षा खोल खड्डा किंवा बोगदा ओला असतो तोवर उभा राहतो, कडा वाळल्या की एकदम बसतो. वाळूखाली गाडलं गेलेलं मूल हाताने उपसायला लागलात तर बाजूची वाळू तितक्याच वेगाने परत आत येते. निघताना बुजवा, रात्री त्यात कुणीतरी पाय मोडेल.

कुत्र्या-मांजरांचा वावर असलेली कोरडी वाळू. त्यांच्या विष्ठेतल्या हुककृमीच्या अळ्या उघड्या कातडीतून शिरतात, दोन-चार दिवसांनी किंवा त्याहून उशिरा लाल, वळणावळणाची, प्रचंड खाजणारी रेघ सरकताना दिसते. भरतीच्या पाण्याने रोज धुतल्या जाणाऱ्या पट्ट्यात बसा, वरच्या कोरड्या झाडाखालच्या भागात नाही. धाकट्याला डायपरवर चड्डी घाला आणि खाली जाड चादर.

शेकोटीच्या जागा. वाळू टाकून विझवलेले निखारे सकाळपर्यंत आत गरम राहतात. विझवायची ती पाण्याने, आणि तुम्ही विझवली नसेल तर त्या काळ्या डागापासून लांब.

नारळाच्या झाडाखाली चादर टाकू नका, हे वेगळं सांगायला नकोच. कॅरिबियनमध्ये मॅन्शिनील नावाचं झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं. त्याचा चीक कातडी भाजतो, पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी थेंबांबरोबर अंगावर येतो. फळ तोंडात घालू देऊ नका.

आणि शंख. शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा शंख पाण्यात दिसला की मुलं उचलणारच. कोन स्नेल जिवंत असेल तर विषारी सुई मारतो, काही जाती माणसाच्याही जीवावर उठतात. नियम सोपा ठेवा: पाण्यातलं काही उचलायचं नाही, कोरड्या वाळूवरचं आधी मोठ्यांना दाखवायचं.

पाटीपेन्सिल
जेलीफिश चावली तर काय करायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतं.

शिंपलेवेचा
कारण जातीप्रमाणे उपाय बदलतो. बॉक्स जेलीफिशच्या प्रदेशात व्हिनेगर, किमान अर्धं मिनिट ओतत राहायचं. त्याने न फुटलेल्या डंखपेशी निकामी होतात, झालेली वेदना कमी होत नाही. तिथे श्वास किंवा शुद्धीत जराही फरक दिसला तर आपत्कालीन मदत, वाट बघणं नाही. ब्लूबॉटल (निळ्या फुग्यासारखा तरंगणारा डंखी जीव) डंखली तर समुद्राच्या पाण्याने धुवा, तंतू चिमट्याने काढा, मग सोसवेल इतकं गरम पाणी, ४२ ते ४५ अंश, वीस मिनिटं. पाण्याची ऊब मोठ्या माणसाने आपल्या हातावर आधी पाहायची, मुलाची कातडी लवकर भाजते. स्टिंग रे किंवा स्टोनफिशचा काटा लागला तरी गरम पाणीच, पण जास्त वेळ, आणि दवाखाना.

चोळणं, वाळूने घासणं, लघवी, हे सगळं बाद. त्याने उरलेल्या पेशी फुटतात. मुक्कामी पोचल्यावर जीवरक्षकाला एकच प्रश्न विचारा: इथे या महिन्यात काय डंखतं? बाकी सगळ्यापेक्षा तो उपयोगी.

औषधपेटी
आता न दिसणारे शत्रू. निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी मुलांच्या डॉक्टरांकडे, जायच्या देशाच्या नावासह. गोवराची लस एरवीच्या वेळेआधी, ६ ते ११ महिन्यांतही, प्रवासासाठी देतात. हिपॅटायटिस ए वर्षानंतर. पीतज्वराची लस ९ महिन्यांनंतर, तिचं प्रमाणपत्र टोचल्यावर १० दिवसांनी लागू होतं. मलेरियाच्या प्रदेशात गोळ्या वजनाप्रमाणे.

डास: डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, उजाडल्यावर आणि मावळतीआधी जास्त. म्हणजे वर ज्या दोन पाळ्या ठरल्या नेमक्या त्याच वेळी. डीट (डास पळवणारं रसायन) १० ते ३० टक्के, दोन महिन्यांखाली नाही. लेमन युकॅलिप्टस तेलाचं असेल तर तीन वर्षांखाली नाही. आधी सनस्क्रीन, ते जिरलं की वरून डासांचं. दोन्ही एकात असलेलं घेऊ नका, कारण सनस्क्रीन दर दोन तासांनी लागतं आणि डीट तितक्यांदा लावायचं नसतं. मुलांच्या तळहाताला लावू नका, तो तोंडात जातो.

जुलाब: ओआरएसची पाकिटं आठ-दहा. एक पाकीट जितक्या पाण्यासाठी असतं तितक्याच पाण्यात, निम्म्या ग्लासात नाही. दाट द्रावणाने जुलाब वाढतात. दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्याला ५० ते १०० मिलि, त्यापेक्षा मोठ्याला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. घटाघटा पाजलं की परत उलटी. २४ तासांनी उरलेलं फेका. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल, मूल सुस्त, शौचात रक्त: दवाखाना.

ताप: पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. आपली बाटली आणि मापाची सिरिंज सोबत न्या. परदेशी मिळणाऱ्या सिरपची तीव्रता वेगळी असते, '५ मिलि देतो नेहमी' हे तिथे दुप्पट होऊ शकतं. डेंग्यूची शंका असेल तोवर आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन नाही, रक्तस्राव वाढतो. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, मलेरियाच्या भागातून आला असाल तर त्यानंतर काही महिन्यांतही, तर डॉक्टरांना प्रवास आधी सांगा.

गोधडी
डायपरबद्दल राहिलं. साधा डायपर पाण्यात फुगून जड होतो आणि फुटतो, त्यातला जेल सगळीकडे. स्विम डायपर शी अडवतो, शू नाही, म्हणून पाण्यात उतरतानाच घालायचा, खोलीपासून नाही. बाहेर आल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुऊन कोरडं करा. मीठ आणि वाळू मिळून तासाभरात जांघा सोलतात. आधीच झिंक ऑक्साइडचं मलम लावलं तर बरंच वाचतं. अंगावरची वाळू ओली असताना पुसू नका, सुकू द्या, मग कॉर्नस्टार्च भुरभुरवून झटका. टाल्क नको, श्वासात जातं. डोळ्यात गेली तर चोळू न देता स्वच्छ पाण्याची धार.

विमानाचं थोडक्यात. कानाला दडा बसतो तो मुख्यतः उतरताना, जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधीपासून. तेव्हा धाकट्याला पाजा, मोठ्याला चघळायला द्या, झोपलं असेल तर उठवा. पासपोर्टला सहा महिने शिल्लक आहेत का बघा, मुलांचे लवकर संपतात. एकच पालक नेत असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. ठरत आलंय: प्रवाळाच्या भिंतीआडचा, पश्चिमेकडचा किनारा, एकच मुक्काम, भिंतीतली फट किनाऱ्याने चालत २ किलोमीटरवर. तारखांचे दोन पर्याय. एकात पहिल्या पूर्ण दिवशी भरती सकाळी ६.३० ला, दुसऱ्यात ११ ला. पाणी आम्हाला ७ ते ९.३० मध्ये हवंय. दुसरा पर्याय बरा ना, सकाळभर पाणी चढतं राहील?

ओहोटी
पहिले दोन दिवस तसं होईल, पण पुढे बघा. दुसऱ्या पर्यायात सहाव्या दिवशी भरती दुपारी ३.१० च्या सुमारास, म्हणजे ओहोटीचा तळ सकाळी ९ ला. भिंतीआड तेव्हा घोटाभर पाणी आणि टोचणारे खडक, शेवटचे तीन दिवस सकाळ वाया. पहिल्या पर्यायात पहिले दोन दिवस ७ ते ९.३० पाणी उतरतं असेल, पण तिसऱ्या दिवशी भरती ८.१० ला, पाचव्याला ९.५० ला, सहाव्याला १०.४० ला. सकाळी चांगलं पाणी मिळेल. पहिला घ्या. ते पहिले दोन दिवस पाण्यात कमरेपुढे जाऊ नका. फट २ किलोमीटरवर आहे म्हणून ओढ अगदीच नसते असं नाही.

दर्याराणी
आणि पश्चिम किनारा म्हणजे वारा समुद्राच्या दिशेला. हवेचं जे काही घ्याल त्याला दोरी बांधा, आणि दोरीचं दुसरं टोक मोठ्या माणसाच्या मनगटाला. दोरी सुटली तर खेळणं जाऊ द्या. त्याच्यामागे पोहत जाऊ नका, आणि मोठ्या मुलालाही हे आधीच सांगून ठेवा.

गोधडी
दोन्ही मुलांचे पोहण्याचे कपडे, टोप्या, सनस्क्रीन आणि दोन स्विम डायपर विमानात हातातल्या बॅगेत ठेवा. खोली दुपारी मिळते, तुम्ही सकाळी पोचता, आणि मुलांना समुद्र समोर दिसत असतो. सनस्क्रीनची ती छोटी बाटली १०० मिलिच्या आतली घ्या, मोठी सामानात.